साडेचारशे वॅटची पेटी आणि मीटरची साक्ष

सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज ही सारी कामे संगणकावाचून अडू लागल्यापासून भडगावसारख्या तालुक्याच्या गावी वीजबिल हाती पडले की दुकानदाराची नजर प्रथम संगणकातील एसएमपीएस नावाच्या पत्र्याच्या पेटीकडे वळते. कारण तिच्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते, आणि रोजचे आठ तास व महिन्याचे पंचवीस दिवस धरून हिशेब मांडला तर एकट्या संगणकाच्या नावे नव्वद युनिटे चढतात.

हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. घरात येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन ही पेटी त्याचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत रूपांतर करते, आणि मागणी झालीच तर ती कमाल किती शक्ती पुरवू शकेल एवढेच तो आकडा सांगतो. गिरणेच्या पाटाची वहनक्षमता जितकी, तितके पाणी काही प्रत्येक आवर्तनात सुटत नाही. अर्ज भरणाऱ्या साध्या संगणकाच्या अंतर्भागाला बहुधा ४५ वॅटच्या आसपास शक्ती पुरते. खेळांसाठी मोठे ग्राफिक्स कार्ड बसवलेले यंत्र मात्र तीन-चारशे वॅटपर्यंत सहज जाते.

तथापि या रूपांतरात तूट येते, आणि ती खातेदाराच्याच माथी बसते. पेटीची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर आतल्या ४५ वॅटसाठी ती मीटरमधून ६० वॅट ओढते व उरलेल्या १५ वॅटची निव्वळ उष्णता होते. खानदेशच्या वैशाखात ही उष्णता कोणालाच नको असते. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या प्रमाणपत्राची अट अशी, की क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के असावी. आपला ४५ वॅटचा भार ४५० वॅटच्या पेटीचा जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे या कसोटीच्याही खाली. आणि इतक्या अल्प भारावर कार्यक्षमता घसरते. गरजेपेक्षा फार मोठी पेटी घेणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

पडद्याचे २० वॅट मिळवून एकूण ८० वॅट धरले, तर नव्वदाऐवजी सोळा युनिटे होतात. संगणक बंद करूनही भिंतीवरचे बटण चालू ठेवले, तर पेटी एक-दोन वॅट खातच राहते.

याची शहानिशा घरबसल्या होते. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक मीटरांवर एका युनिटला तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो असे नमूद असते. बाकी सर्व उपकरणे बंद करून केवळ संगणक चालू ठेवावा. पाच मिनिटांत दिवा २१ वेळा लुकलुकला, तर तासाला २५२ वेळा, म्हणजे सुमारे ७९ वॅट. आपल्या मीटरवरचा आकडा निराळा असेल, तर भागाकार त्याने करावा. बिलाचा दोष संगणकावर ठेवण्यापूर्वी वाचकांनी ही मोजणी एकदा अवश्य करावी, आणि नवी पेटी घेताना दुकानदाराकडे ‘८० प्लस’ची खूण आग्रहाने मागावी.