पॉलिग्राफला संमती देण्याआधी

पोलीस तपासात 'लाय डिटेक्टर' चाचणीचा विषय निघाला की, आपण निर्दोष असू तर भ्यायचे कशाला, असा विचार साहजिकच मनात येतो. परंतु पॉलिग्राफ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र खोटे पकडत नाही, ते प्रश्नोत्तरे चालू असताना श्वास, रक्तदाब, नाडी आणि घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारे बदल केवळ टिपते, आणि त्या आलेखाचा अर्थ लावतो तो परीक्षक. खोटे बोलण्याची अशी शरीराची स्वतंत्र खूण नसल्यामुळे निरपराध माणसाची धास्ती अपराध्याच्या धास्तीसारखीच उमटू शकते, तर निर्ढावलेला माणूस सहीसलामत सुटू शकतो. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळी या चाचणीतून पार पडला होता.

मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये तेलगी मुद्रांक घोटाळ्याशी संबंधित प्रकरणात अशा चाचण्यांना मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात, गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३)चा आधार घेऊन, सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली. चाचणी स्वेच्छेने दिली तरी तिचा निष्कर्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही, हेही याच निकालाने स्पष्ट केले. तरीही खरी मेख पुढेच आहे: स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतील माहितीवरून पोलिसांना एखादी वस्तू सापडली, तर तो शोध पुरावा ठरू शकतो. म्हणजे 'निकाल कोर्टात चालतच नाही, मग देऊन टाकावी' हा हिशेब अर्धवट ठरतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०००च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम आधी समजावून सांगावे लागतात आणि वकिलाची मदत मिळावी लागते. पोलीस ठाण्यात घाईने घेतलेली सही ही अशी संमती नव्हे. नकार हा कायद्याने दिलेला हक्कच असल्याने तो देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, हा समज निराधार आहे. वकील परवडत नसेल, तरी कोठडीतील व्यक्तीला १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मागता येतो, आणि तो संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच मागावा.