वैमानिकाचे दोन परवाने

विमान कोणत्या देशाचें आहे, हें त्याच्या अंगावर रंगविलेल्या अक्षरांवरून कळतें. भारतांत नोंदलेल्या विमानावर 'व्हीटी' अशीं अक्षरें असतात, ब्रिटनच्या विमानावर 'जी', तर आयर्लंडच्या विमानावर 'ईआय'. हीं अक्षरें केवळ शोभेचीं नव्हत. ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें राष्ट्राराष्ट्रांत जो करार झाला, त्याच्या ३२व्या कलमान्वयें परदेशगमन करणाऱ्या विमानाच्या वैमानिकापाशीं, तें विमान ज्या देशांत नोंदलेलें असेल त्या देशानें दिलेला अथवा मान्य केलेला परवाना असावा लागतो. वैमानिकाच्या हातीं कितीहि कसब असो, अक्षरें बदललीं कीं कागदहि बदलावा लागतो. परदेशची डॉक्टरी पदवी घेऊन आलेल्या मुलास येथें पुन्हा परीक्षेस कां बसावें लागतें, हें ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट नवी वाटूं नये.

ब्रिटनमध्यें मात्र ही अडचण बरींच वर्षें कोणास जाणवली नव्हती. युरोपीय विमानसुरक्षा संस्थेच्या नियमांखालीं दिलेला परवाना लंडनला जसा चाले तसाच रोम वा पॅरिसलाहि चाले. ब्रिटन युरोपीय संघांतून निघाला आणि संक्रमणाचा काळ ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. दुसऱ्या दिवसापासून दोन निराळीं राज्यें झालीं. युरोपीय परवान्यावर ब्रिटिश विमान चालविण्याची मुभा ब्रिटननें आणखी दोन वर्षें ठेविली होती. युरोपानें उलट बाजूनें तशी सवलत दिली नाहीं. सबब अनेक ब्रिटिश वैमानिकांनीं मुदतीपूर्वींच आपले परवाने आयर्लंड, ऑस्ट्रिया इत्यादि देशांत हलविले. त्यांनीं वेळ ओळखली, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां नव्यानें शिकणाऱ्या विद्यार्थ्यास दोन्ही परवाने हवे असतील तर काय करावें लागतें? प्रथम पुस्तकी परीक्षा. हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिशाशोधन, उड्डाणाचीं तत्त्वें, मानवी शरीराच्या मर्यादा असे तेरा विषय. प्रत्येकांत शेंकडा ७५ गुण हवेत, आणि पहिल्या प्रयत्नापासून सुमारें अठरा महिन्यांत सर्व विषय उतरले पाहिजेत. दोन्हीकडचा अभ्यासक्रम जवळजवळ एकच. तरीहि एकीकडचें उत्तीर्णपत्र दुसरीकडे चालत नाहीं. म्हणजे तेच विषय दोनदां, एकूण सव्वीस प्रश्नपत्रिका! अभ्यास ताजा असतांनाच दोन्ही परीक्षा लागोपाठ देणें हाच शहाणपणाचा मार्ग होय. पांच वर्षांनीं पुन्हा पुस्तकें उघडणें नोकरी सांभाळून फार जड जातें. उड्डाणाची गोष्ट थोडी सोपी आहे. शाळेस दोन्ही बाजूंची मान्यता असेल आणि परीक्षकासहि दोन्ही अधिकार असतील, तर एकाच उड्डाणांत दोन्ही कसोट्या होऊं शकतात. पैसे भरण्यापूर्वीं ही मान्यता लेखी पाहावी. तोंडीं आश्वासनावर विसंबूं नये. प्रथम वर्गाचें आरोग्यपत्रहि दोन्हींचें निराळें, आणि केवळ यंत्रें पाहून विमान हांकण्याची जी विशेष पात्रता, तिचें नूतनीकरण दरवर्षीं दोन्ही परवान्यांवर करावें लागतें. खर्च एकदांच होऊन थांबत नाहीं, हें वडिलांनीं ध्यानांत घ्यावें.

पुण्याच्या मुलामुलींचा प्रश्न यापुढें आणखी एक पायरी चढतो. बारामतीस विमानविद्येचें शिक्षण मिळतें. कित्येक जण मात्र परदेशीं जातात. परत येऊन 'व्हीटी' अक्षरांचें विमान चालवावयाचें तर तिसरा परवाना लागतो, तो दिल्लीच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा. परदेशी परवानाधारकासहि हवाई नियम, दिशाशोधन व हवामान यांच्या येथील परीक्षा द्याव्या लागतात, आरोग्यतपासणी येथील नियमांनीं करावी लागते. त्यांत एक खांच आहे. भारतीय व्यावसायिक परवान्यास २०० तासांचें उड्डाण लागतें, पैकीं १०० तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून. युरोपांतील सलग शिक्षणक्रम मात्र १९५ तासांचा असूं शकतो, आणि त्यांत ५५ तासांपर्यंतचें शिक्षण जमिनीवरच्या कृत्रिम यंत्रांतलें धरलें जातें. तेथें मानानें उत्तीर्ण झालेला विद्यार्थी येथें तासांत उणा पडतो, आणि ते तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. शाळा निवडतांनाच हा हिशोब मांडला तर लाखों रुपये वांचतात.

शिवाय परवाना म्हणजे नोकरीचा हक्क नव्हे. युरोपीय परवाना संघाच्या सत्तावीस देशांत आणि नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिक्टनस्टाइन येथें चालतो. पण तेथें राहून काम करण्याची अनुज्ञा भारतीय नागरिकास वेगळी मिळवावी लागते, ब्रिटनमध्येंहि तसेंच. ज्याला अशी अनुज्ञा मिळण्यासारखी आहे, उदाहरणार्थ जन्मानें वा विवाहानें, त्यानें दोन्ही परवान्यांचा खर्च अवश्य करावा. ज्यास पुण्यामुंबईसच परतावयाचें आहे, त्यानें तेवढाच पैसा भारतीय परवान्याकडे आणि उणे पडणाऱ्या तासांकडे वळवावा हें बरें.