किरणोपचारानंतरचे दांत

मुखाचा कर्करोग बरा होऊन मनुष्य पुन्हां चारचौघांत वावरूं लागला, कीं त्याची दृष्टि आरशांतील आपल्या दांतांकडे जाते. ते काळवंडलेले व हिरड्यांलगत किडलेले दिसतात. ते उपटून शुभ्र कवळी बसवावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तींतच मोठा धोका आहे.

१९४१ सालीं परळ येथें सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचें एक केंद्र आतां खारघर येथें आहे. त्यामुळें पनवेल, उरण, द्रोणागिरी या भागांतील रुग्णास किरणोपचार जवळ आले आहेत. दांतांसाठीं मात्र तो पुढें घराजवळच्या दंतवैद्याकडे जातो, आणि जुन्या उपचाराची हकीकत सांगावयाची राहून जाते.

हे उपचार बहुधा ६ ते ७ आठवडे चालतात. रोगाबरोबरच जबड्याच्या हाडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांसही किरणांची झळ लागते. निरोगी मनुष्याचा दांत काढला असतां खळगा आपोआप भरून येतो. किरण लागलेल्या हाडास मात्र त्यापुरतें रक्तच मिळत नाहीं. मग हाड उघडें पडून निर्जीव होतें, व प्रसंगीं जबड्याचा भागही कापावा लागतो. खालच्या जबड्यास हें भय अधिक, आणि वर्षें लोटलीं तरी तें सरत नाहीं.

दुसरी हानि लाळेची. निरोगी तोंडांत दिवसाकांठीं अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती आम्लें धुऊन काढते व दांतांस क्षार पुरविते. ती आटली, कीं दांत मानेशींच किडतात.

म्हणून खराब दांत काढावयाचे ते किरणोपचारापूर्वीं, निदान दोन आठवडे आधीं. नंतर मात्र उपटण्यापेक्षां राखण्याकडे लक्ष द्यावें. कीड साफ करून दांताच्याच रंगाचें मिश्रण भरतां येतें. मूळ बिघडल्यास तें आंतून स्वच्छ करून वर टोपी बसवितां येते. दांत शुभ्र करणारीं औषधें कोरड्या तोंडास सोसतीलच असें नाहीं. कवळीच्या घर्षणानेंही जखम होते. म्हणून तिच्यासाठीं कर्करोगतज्ज्ञांची अनुमति घ्यावी. वैद्यांनीं सांगितलेलें फ्लोराइड नित्य लावावें, पाण्याचे घोट वरचेवर घ्यावे, आणि मिश्री कायमची सोडावी. दांत घासण्यास घेतली तरी ती तंबाखूच होय.

दंतवैद्याच्या खुर्चींत बसतांच रुग्णानें एवढेंच प्रथम सांगावें: या जबड्यास किरण दिलेले आहेत, अमुक सालीं, अमुक बाजूस.