देशांतर केलेल्या माणसाची जीवनकथा : शब्द, चित्र आणि आवाज

परमुलखांत जाऊन कायमची वस्ती केलेल्या माणसाचें चरित्र सांगावयास बसलें कीं पहिली अडचण येते ती भाषेची. त्याचें बालपण एका भाषेंत गेलेलें असतें, पोटापाण्याचे व्यवहार दुसऱ्या भाषेंत झालेले असतात, आणि कथा लिहावयास निघालेला मुलगा किंवा नातू बहुधा या दुसऱ्याच भाषेंत वाढलेला असतो. म्हणून अशा कथा सांगणाऱ्यांनीं अक्षरांबरोबर चित्र, छायाचित्र, नकाशा, ध्वनिमुद्रित आवाज अशीं अनेक साधनें हाताशीं घेतलीं. आपणांस ही कल्पना अपरिचित वाटावयास नको. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरून, वाद्यांच्या साथीवर गात कथा सांगत आले आहेत. मात्र चित्रकथ्याची कथा रामायण-महाभारतांतली, म्हणजे समोरच्यांस आधींच ठाऊक असलेली. साध्या देशांतरिताची कथा कोणासच ठाऊक नसते, आणि तेथें प्रत्येक साधनाची निराळी कसोटी लागते. ती कशी, हें तीन पुस्तकांवरून पाहूं.

पहिलें 'द अरायव्हल'. ऑस्ट्रेलियन चित्रकार शॉन टॅन यांनीं तें २००६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांचे वडील १९६० च्या सुमारास मलायांतून पश्चिम ऑस्ट्रेलियेंत आले होते. या पुस्तकांतील सारी कथा चित्रांतच आहे. नव्या शहरांतील पाट्या दिसतात, पण त्या टॅन यांनीं कल्पनेनें रचलेल्या लिपींत आहेत. त्यामुळें वाचणारा आपोआप निरक्षर होतो, आणि आगंतुकाची पहिल्या दिवसाची गोंधळलेली स्थिति त्याला वर्णनाशिवाय कळते. शब्दांनीं हें साधणें कठीण. कारण जो शब्द वाचतां येतो तो परका कसा वाटावा? पण याचें मोलही द्यावें लागलें आहे. या प्रवाशाला नांव नाहीं, साल नाहीं, गांव नाहीं. एका विशिष्ट माणसाची हकीकत सांगावयाची असेल तर नुसत्या चित्रानें भागणार नाहीं.

दुसरें पुस्तक बरेंच जुनें, पण माझ्या मतें अधिक धीट. हेन्री योशिताका कियामा हे १९०४ सालीं जपानहून सॅन फ्रॅन्सिस्कोस गेले. तेथें चित्रकला शिकत असतांना आणि पुढें त्यांनीं आपल्या व सोबत्यांच्या अनुभवांवर बावन्न चित्रमालिका रचल्या व १९३१ सालीं पुस्तकरूपानें छापल्या. गोऱ्यांच्या घरीं केलेली चाकरी, १९०६ चा भूकंप, जपान्यांस अमेरिकेचें दार बंद करणारा १९२४ चा कायदा, हें सारें त्यांत विनोदाच्या अंगानें आलें आहे. विशेष असें कीं, जपानी माणसें एकमेकांशीं जपानींत बोलतात, आणि मालकाशीं बोलतांना मोडक्या-तोडक्या इंग्रजींत. आपसांत तल्लखपणें थट्टा करणारा तरुण मालकिणीपुढें उभा राहिला कीं चार शब्दांत अडखळतो. एकच मनुष्य दोन भाषांत दोन उंचीचा दिसतो! अर्थात् दोन्ही भाषा जाणणाऱ्यासच हें पुस्तक पुरतें कळे, म्हणजे बहुतेक त्या वस्तींतल्यांनाच. फ्रेडरिक शॉट यांचें इंग्रजी भाषांतर निघेपर्यंत १९९९ साल उजाडलें.

तिसऱ्या पुस्तकापाशीं थोडें अधिक थांबावें लागेल. आर्ट स्पीगलमन यांचे वडील व्लाडेक हे पोलंडांतले यहुदी. आउश्वित्झच्या छळछावणींतून ते व त्यांची पत्नी अन्या वांचलीं, आणि स्वीडनमार्गें अमेरिकेस आलीं. मुलानें १९७२ पासून वडिलांचें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आणि त्यावरून 'माउस' ही चित्रकथा १९८६ व १९९१ सालीं दोन भागांत पुरी केली. तींत यहुदी उंदरांच्या रूपांत आहेत व जर्मन मांजरांच्या. म्हाताऱ्या व्लाडेकचें न्यूयॉर्कमधलें इंग्रजी वांकडें आहे, त्यांत मातृभाषेचा शब्दक्रम डोकावतो. परंतु पोलंडच्या प्रसंगांत तोच व्लाडेक सफाईदार बोलतो. मुलानें वडिलांची वाक्यें सुधारून घेतलीं असतीं तर पुस्तक वाचावयास सुलभ झालें असतें, पण माणूस नाहींसा झाला असता. आपल्या घरांतील आफ्रिकेस किंवा आखातांत गेलेल्या चुलत्याची हकीकत जो टिपून घेईल त्यानें हें अवश्य ध्यानांत ठेवावें: त्याची मिश्र बोली शुद्ध मराठींत उतरवूं नये.

साधनें परस्परांशीं भांडतात, तेव्हां काय करावें? छावणींत कैदी कामावर निघत तेव्हां वाद्यवृंद वाजत असे, असें मुलानें वाचलें होतें. वडिलांना तो मुळींच आठवत नव्हता; त्यांना फक्त चालणें आठवत होतें. स्पीगलमन यांनीं आधीं वाद्यवृंद काढला, मग त्यापुढून जाणाऱ्या कैद्यांची रांग अशी काढली कीं वादक तिच्यामागें झांकले जावे. इतिहास आणि स्मृति या दोहोंपैकीं एकही खोटी ठरविलेली नाहीं. निबंधांत यास एक परिच्छेद लागला असता, आणि त्यांत लेखकाला निकाल द्यावा लागला असता.

छायाचित्र तरी निर्विवाद खरें असेल, असें वाटतें. दुसऱ्या भागाच्या अखेरीस व्लाडेकचें खरें छायाचित्र येतें, अंगावर कैद्याचा पट्टेरी वेष. पण तें सुटकेनंतरचें आहे. एका छायाचित्रकाराच्या दुकानांत असा कोरा, स्वच्छ वेष आठवण म्हणून ग्राहकांसाठीं ठेवलेला होता. पुस्तक हें लपवीत नाहीं. जुन्या कपाटांतून निघालेल्या फोटोखालीं नांव आणि साल लिहून थांबणाऱ्यांनीं तो कोठें, कशासाठीं काढला हेंही विचारावें.

एक गोष्ट मात्र मनाला टोंचते. तारुण्यांतील एका स्त्रीविषयींची हकीकत पुस्तकांत घालूं नको, असें वडिलांनीं सांगितलें. मुलानें तसें वचन दिलें. आणि ती हकीकत, त्या वचनासकट, पुस्तकांत आहे. यास प्रामाणिकपणा म्हणावा कीं विश्वासघात? माझ्या मतें दोन्ही. आवाज आणि चेहरा यांसह एखाद्याचें आयुष्य जितकें हुबेहुब सांगावें तितका त्याचा आडोसा कमी होतो. व्लाडेक तर दुसरा भाग निघण्यापूर्वींच, १९८२ सालीं, वारले होते.

आणि अन्या? त्यांनीं आपली हकीकत वह्यांत लिहिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर व्लाडेकनें त्या जाळून टाकल्या. मुलानें आईच्या तोंडीं कल्पित आत्मनिवेदन घातलें नाहीं. त्यानें वह्यांचा शोध व त्या जाळल्याची कबुलीच चितारली. पुढें २०११ सालीं त्यांनीं या कथेच्या घडणीवर एक स्वतंत्र ग्रंथ काढला. त्यासोबतच्या तबकडींत वडिलांच्या मूळ मुलाखती आहेत. ज्याला हवें त्यानें चित्रांतला व्लाडेक आणि कानांवर पडणारा व्लाडेक ताडून पाहावा.