कुंडीतल्या मातीला काय द्यावं, किती द्यावं

गणपती उठले की नवी मुंबईतल्या रोपवाटिकांमध्ये टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं दिसू लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपल्याकडे गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या फळभाज्यांचा खरा हंगाम. रोप बारा इंची कुंडीत जातं, तीन-चार आठवडे जोमानं वाढतं आणि मग खालची दोन पानं पिवळी पडतात. लगेच दुकानातून खताची बाटली येते आणि तिच्यातलं अंदाजानं, बहुतेक वेळा जास्तच, ओतलं जातं. पंधरा दिवसांनी पानांच्या कडा करपतात. मग ‘आमच्याकडे ऊन बरोबर येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. उन्हाचा दोष क्वचितच असतो. कुंडीतल्या त्या पंधरा लिटर मातीत नेमकं काय घडलं, हे पायरीपायरीनं पाहू.

मूळ अन्न घेतं ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या रूपात. शेण, पेंड, भाजीची देठं यांपैकी काहीच त्याला थेट घेता येत नाही. आधी मातीतले जीवाणू आणि बुरश्या या पदार्थांचा भुगा पाडतात, त्यातलं नत्र अमोनियम म्हणून मोकळं होतं आणि दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. मग ते मुळाच्या कामी येतं. युरियाचंही असंच होतं, फक्त तिथे हा प्रवास काही दिवसांत संपतो, तर निंबोळी पेंडीला आठवडे लागतात आणि हाडांच्या चुऱ्याला महिने. सेंद्रिय आणि रासायनिक यांच्या वादात ही साधी गोष्ट हरवते. मुळापाशी शेवटी पोचतं ते बहुतांशी नायट्रेटच. फरक पडतो तो वेगाचा, आणि वाटेत मातीचं काय होतं याचा.

कुंडीत हा वेग फार महत्त्वाचा ठरतो. का, ते आकड्यांत पाहू. शेतात टोमॅटोला हेक्टरी साधारण २०० ते ३०० किलो नत्राची शिफारस असते. नव्वद बाय साठ सेंटिमीटरवर लागवड केली तर हेक्टरी साडेअठरा हजार रोपं बसतात, म्हणजे एका रोपाच्या वाट्याला संपूर्ण हंगामात ११ ते १६ ग्रॅम नत्र येतं. त्या रोपाच्या मुळांना पसरायला फूटभर खोलीची सुमारे १६० लिटर माती असते. बारा इंची कुंडीत ती पंधरा लिटरच. तेवढंच खत दहापट कमी मातीत गेलं, तर मातीतल्या पाण्यात क्षार दहापट दाट होतात. बाहेर क्षार दाट झाले की मुळाला पाणी आत ओढता येत नाही. उलट वेळ आली तर मुळातलंच पाणी बाहेर खेचलं जातं. करपलेली कड म्हणजे ही तहान. म्हणून कुंडीत एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा देणं शहाणपणाचं.

आता खुद्द मातीकडे येऊ. रोपवाटिकेत पिशवीत मिळते ती बहुधा कोकणी लाल माती. जांभ्यापासून बनलेली ही माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात. स्फुरद आला की ही ऑक्साइडं त्याला पकडून ठेवतात. तुम्ही महागाचा स्फुरद घातला तरी त्यातला बराचसा मातीत अडकून राहतो आणि रोप उपाशीच. शिवाय निव्वळ लाल माती कुंडीत दोन महिन्यांत घट्ट बसते, वरून पाणी साचतं आणि मुळांना हवा मिळत नाही. हवेशिवाय नायट्रेट तयार करणारे जीवाणूही काम थांबवतात. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. त्यातली सेंद्रिय आम्लं लोहाच्या त्या जागा अडवतात, त्यामुळे स्फुरद मोकळा राहतो. मातीही भुसभुशीत राहते.

एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग धुतलेलं कोकोपीट हे मिश्रण आपल्या हवेला मानवतं. कोकोपीट धुवायचं ते त्यातल्या मिठासाठी. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पालाश बरंच असतं, आणि न धुता वापरलं तर ते कॅल्शियम धरून ठेवतं. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा सुरुवातीलाच मिसळावा. हाडांचा चुरा आम्ल मातीत विरघळतो, तेव्हा आपल्या लाल मातीत तो खरोखर उपयोगी पडतो. या कुंडीत पाच लिटरच्या आसपास गांडूळखत जातं. त्यातलं नत्र हंगामात सगळं सुटत नाही, पण रोपाच्या गरजेचा मोठा वाटा तेच उचलतं. बाहेरून द्यायचं ते उरलेल्या तुटीसाठी. हा हिशेब डोक्यात ठेवला तर निम्म्या चुका टळतात.

ओल्या कचऱ्याचं कच्चं खत मात्र थेट कुंडीत नको. सुकी पानं, भुसा, अर्धवट कुजलेली देठं यांत कार्बन जास्त आणि नत्र कमी असतं. ते कुजवणारे जीवाणू आपल्या वाढीसाठी आजूबाजूचं नत्र उचलतात आणि रोप आठवडाभरात पिवळं पडतं. आधी डब्यात पूर्ण कुजवावं, हाताला गार लागेल आणि मातीसारखा वास येईल तेव्हाच वापरावं. चहाचा चोथाही दूध-साखर धुऊन, सुकवून, कंपोस्टच्या डब्यातूनच यावा. केळीच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी घालण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यातून थोडा पालाश उतरतो, फार काही नाही. अंड्याची टरफलं तशीच टाकली तर वर्षभर टरफलंच राहतात, मैद्यासारखी बारीक केली तर आम्ल मातीत हळूहळू कॅल्शियम देतात.

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी. वाशीच्या खाडीपलीकडे चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या या कंपनीचं ‘सुफला’ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. १५:१५:१५, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये प्रत्येकी पंधरा ग्रॅम. हे दाणेदार खत शेतासाठी उत्तम. कुंडीत मात्र दाण्याभोवती क्षार एकाच जागी दाट होतात आणि शेजारचं मूळ जळतं. कुंडीला पाण्यात पूर्ण विरघळणारं १९:१९:१९ बरं. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, दर दहा दिवसांनी, आणि माती आधी साध्या पाण्यानं ओली करून मगच. कोरड्या मातीत खताचं पाणी ओतू नये, कारण कोरडं मूळ तहानलेलं असतं आणि पहिल्याच घोटात दाट क्षार ओढतं. घरात एक ग्रॅम मोजता येत नसेल तर चहाच्या चमच्याच्या पावभागाहून जास्त घेऊ नये.

फुलं धरायला लागली की नत्र कमी करून पालाश वाढवायचा. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांच्या तोंडी ‘शून्य बावन्न चौतीस’ आणि ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ ही खतं सहज असतात. पहिल्यात नत्र नाही, दुसऱ्यात थोडं नत्र आणि भरपूर पालाश. गच्चीवरच्या माणसानं फळं धरल्यावर यातलं तेरा शून्य पंचेचाळीस लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा दिलं तरी पुरे. नत्राचाच मारा चालू ठेवला तर गर्द हिरवी, मऊ, लुसलुशीत पानं येतात, मावा धावून येतो आणि फुलं मात्र येत नाहीत. एक सूचना कटाक्षानं पाळावी. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं खत एकाच बादलीत कालवू नये. दोन्ही मिळून न विरघळणारा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात.

कमतरता ओळखायची तर आधी पाहायचं, पिवळेपणा जुन्या पानांवर आला की नव्या. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं रोप जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे नेऊ शकतं. म्हणून यांची टंचाई खालच्या पानांवर आधी दिसते. अख्खं खालचं पान फिकट पिवळं झालं तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला अर्धा चमचा घालून द्यावं. खालच्या पानाच्या कडा तपकिरी पडत असतील तर पालाश, पण आधी क्षार दाटले नाहीत ना, हे तपासावं, कारण दोन्हीचं चित्र जवळजवळ सारखं दिसतं.

लोह, कॅल्शियम आणि बोरॉन यांना रोप हलवू शकत नाही. त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आणि फळांवर उमटते. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह. आपल्या लाल मातीत लोह उदंड असताना हे घडत असेल, तर राख किंवा चुना जास्त पडून मातीचं आम्लपण गेलं असावं, किंवा पाणी साचून मुळं गुदमरली असावीत. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो कॅल्शियमचा. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर फळापर्यंत पोचतं, आणि आज भरपूर पाणी, परवा कोरडं असं झालं की प्रवाह तुटतो. पश्चिमेला तोंड असलेल्या गॅलरीत दुपारनंतर कुंडी भराभर सुकते, तिथे हा डाग हमखास. खताआधी पाणी रोज एकाच वेळी द्यावं आणि मातीवर सुक्या पानांचं आच्छादन घालावं.

एप्रिलमध्ये फुलं गळतात त्याला खताचा उपाय नाही. दिवसाचं तापमान पस्तिशीपलीकडे आणि रात्रीही उकाडा असला की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही. अशा वेळी खत वाढवणं म्हणजे थकलेल्या मुळांवर क्षार लादणं.

क्षार दाटल्याची खूण सहज दिसते. मातीच्या कुंडीबाहेर आणि काठावर पांढरी पूड साचते. खाडीलगतच्या सोसायटीत बोअरवेलचं मचूळ पाणी वापरत असाल तर हे लवकर होतं. महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी झाडांना त्या मानानं सोसवतं. पांढरी पूड दिसली की खत थांबवून कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतावं आणि तळातून वाहून जाऊ द्यावं. त्याआधी खाली ताट ठेवलं असेल तर ते काढावं, नाहीतर धुतलेलं मीठ पुन्हा मातीत चढतं. खालच्या मजल्यावर कपडे वाळत घातले असतील तर आधी सांगावं.

पावसात ही धुलाई निसर्गच करतो, आणि गरजेपेक्षा फार जास्त. दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर उघड्या गच्चीवरच्या बारा इंची कुंडीत सात लिटर पाणी पडतं, म्हणजे कुंडीतल्या मातीच्या जवळजवळ निम्मं. मातीचे कण आणि कुजलेलं खत यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे अमोनियम, पालाश, कॅल्शियम हे धन भाराचे आयन त्यांना चिकटून थोडेफार टिकतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला धरणारं कुणी नाही. ते पहिल्याच मोठ्या सरीत गटारात जातं. म्हणून जून ते सप्टेंबर उघड्या कुंड्यांना विरघळणारं खत देऊ नये. निंबोळी पेंड किंवा गांडूळखताचा थर द्यावा, ते हळूहळू सुटतं.

जीवामृत आणि अमृतजल यांचं काय? शेण, गोमूत्र आणि गूळ यांच्यापासून बनणारं अमृतजल ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या चळवळीच्या श्री. अ. दाभोळकरांच्या विचारातून पुढे गच्चीवरच्या बागांत रुजलं. तशाच प्रकारचं जीवामृत सुभाष पाळेकरांनी शेतात नेलं. दोन्हींत अन्नद्रव्यं मोजकीच असतात. मुख्य देणं जीवाणूंचं. कुंडीत त्यांना खायला कुजलेलं खत असेल तर फायदा दिसतो, निव्वळ लाल मातीत ओतलं तर त्यांना करण्यासारखं काही उरत नाही. मी अमृतजल दहापट पाणी घालूनच देते, आणि ते मिश्रणाची जागा घेईल अशी अपेक्षा धरत नाही.

हंगाम संपला की माती फेकू नये. आपल्या उष्ण हवेत कुजलेलं खत सहा महिन्यांत बरंचसं संपतं, म्हणून पातळी इंचभर खाली जाते. मे महिन्यात माती ताडपत्रीवर पसरून जुनी मुळं काढावीत, आठवडाभर उन्हात तापू द्यावी, मग तिच्या एक तृतीयांश नवं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पोत्यात भरावी. पोतं पावसाच्या पाण्यापासून झाकून, किंचित ओलसर ठेवलं तर सप्टेंबरपर्यंत पेंड कुजते आणि रोपं आणाल तेव्हा पहिल्या महिन्याचं नत्र त्या मातीत तयार असतं.