टेकडी हाच टॉवर : हिवाळ्यात हॅम रेडिओ घेऊन डोंगरावर जायचं तर...

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) : वादळात लाईट गेली की थोड्या वेळानं मोबाईलची रेंजही जाते, हे आपल्याकडं कुणाला नवीन नाही. टॉवरची बॅटरी उतरली की हातातला स्मार्टफोन नुसता टॉर्च. टॉवरशिवाय बोलता येणारं एक साधन मात्र आहे, हॅम रेडिओ. म्हणजे सरकारी परवाना काढून हौसेनं चालवायचा बिनतारी संच. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा हौसेसाठीच तिथं गेलेल्या भारती प्रसाद यांच्या हॅम चमूनं पोर्ट ब्लेअरहून लोकांचे निरोप पोचवले होते.

राळेगणच्या टेकड्या आपल्याला माहीत आहेत त्या पाणलोटाच्या कामामुळं. हॅमवाल्याला तीच टेकडी टॉवर वाटते. हातातला छोटा संच बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. हिशोब सोपा आहे : उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१ नं गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतात. मोकळ्या रानात दीड मीटरवर संच धरला तर जेमतेम ५ किलोमीटर. तोच शिवारापासून १०० मीटर उंच टेकडीवर नेला तर ४१. संचाची ताकद ५ वॉटवरून ५० केली, तरी मध्ये डोंगर आडवा असेल तर फारसा उपयोग नाही. पैसे संचावर घालण्यापेक्षा पाय चालवलेले बरे.

याचाच जगभर खेळ झालाय. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये तो सुरू झाला. शिखर चढायचं, वरून किमान चार जणांशी रेडिओवर बोलायचं, की गुण मिळतात. काही देशांत हिवाळ्यात चढलं तर जादा गुण. आपल्या जिल्ह्यात तर अकोले तालुक्यातलं कळसूबाई आहे, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर.

हिवाळ्याची एक गंमत आहे. पहाटे चुलीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरलेला दिसतो ना? तेव्हा गार हवा खाली बसलेली असते आणि वर उबदार थर असतो. या थरामुळं लहरी खाली वाकतात आणि एरवीपेक्षा कितीतरी लांब जातात. ऊन चढलं की खेळ संपला. म्हणून ही मंडळी अंधारातच डोंगर चढायला लागतात.

आणि तिथंच गडबड होते. चढताना घाम येतो, माथ्यावर वारं लागतं आणि ओला सदरा अंगातली ऊब ओढून घेतो. संच घेऊन तासभर एका जागी बसायचं असतं, त्यामुळं नुसत्या ट्रेकपेक्षा थंडी जास्त बाधते. कोरडा सदरा आणि कानटोपी पिशवीत हवीच. गारठ्यात बॅटरीही लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. धुक्यात हातमोजे घालून बटणं दाबायची सवय घरीच करून जा. लांबच्या गप्पांसाठी ७ मेगाहर्ट्झची सुमारे २० मीटर तार ताणावी लागते. वाऱ्यात ती तुटते, म्हणून दोरी थोडी ढिली सोडायची. विजेच्या तारा जवळ असतील तिथं ती टाकायचीच नाही.

अवकाळीचे ढग दिसले तर मात्र हौस बाजूला. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. संच बंद करा, तार सोडा, माथा सोडा. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळं पहिला गडगडाट व्हायच्या आतच, ढग भरून यायला लागल्यावर, उतरायला लागलेलं बरं.

ऑनलाइन वॉकीटॉकी स्वस्तात मिळते, पण विकत घेतली म्हणून हॅमच्या लहरींवर बोलता येत नाही. विनापरवाना बोलणं गुन्हा आहे. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्यांना दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. खालच्या श्रेणीच्या परीक्षेला मोर्स लागत नाही, वीज-इलेक्ट्रॉनिक्सची प्राथमिक माहिती आणि नियम एवढंच विचारतात. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर मोबाईलवरूनही भरता येतो. दहावीचं विज्ञान पक्कं असलेल्या पोरापोरींना हा अभ्यास जड जाऊ नये.