मुदतबंद पैशाचे गणित

गेल्या हिवाळ्यातील सहलीत आम्ही उज्जैनच्या रामघाटावर एक संध्याकाळ घालविली. क्षिप्रेची आरती आटोपली होती, पाण्यावर सोडलेले दिवे दूर जाऊ लागले होते. पायऱ्यांवर शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे निघाले. शिंदेशाहीत त्यांचे पूर्वज माळव्यात आले. घरातील मराठी अद्याप टिकून आहे. आम्ही शिक्षक आहोत असे कळताच ते म्हणाले, "गुरुजी, मुलांना व्याजाचे गणित शिकवता, ते ठीकच, पण बांधलेल्या पैशाचे गणित कधी शिकवता का?"

निवृत्त होताना मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनी एका मुदतबंद योजनेत घातला होता. तिसऱ्याच वर्षी पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे झाले. पाहतात तो प्रत्येक युनिटामागे मालमत्ता दहा रुपयांची, पण बाजारात गिऱ्हाईक आठच रुपये देणारे! योजना बुडाली नव्हती, कोणी फसविलेही नव्हते. मग दोन रुपये गेले कोठे?

विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधू. अनेकांचे पैसे एकत्र करून ते निरनिराळ्या कंपन्यांच्या भागांत व रोख्यांत गुंतविणाऱ्या निधीचे दोन प्रकार असतात. खुल्या निधीत केव्हाही पैसे भरावेत, केव्हाही मालमत्तेच्या भावाने काढावेत. मुदतबंद निधीत मात्र आरंभीचे थोडे दिवस विक्री होते, आणि मग दार लागते. युनिटांची संख्या ठरून जाते. मुदतीपूर्वी बाहेर पडायचे तर निधी पैसे देत नाही. शेअरबाजारात आपली जागा घेणारा दुसरा कोणी शोधावा लागतो. घेणारे थोडे व विकणारे फार झाले, की भाव मालमत्तेच्या खाली उतरतो. या फरकाला कसर म्हणावे. त्या गृहस्थांचे दोन रुपये हवेत विरले नाहीत. ते घेणाऱ्याच्या पदरात पडले.

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. निधी दर युनिटामागे वर्षाला साठ पैसे वाटतो असे धरा. दहा रुपयांना घेणाऱ्यास ते शेकडा ६ पडतात. आठ रुपयांना घेणाऱ्यास शेकडा साडेसात. मुदत संपताना मालमत्ता दहा रुपयांचीच राहिली, तर वर दोन रुपयांची वाढ निराळी. उत्पन्न आणि वाढ दोन्ही मिळतात ती अशी. दार बंद असण्याचा आणखी एक गुण आहे. बाजार कोसळला की खुल्या निधीला पैसे परत देण्यासाठी चांगले भागही पडत्या भावात विकावे लागतात. मुदतबंद निधीला धीर धरता येतो.

परंतु वाटलेला प्रत्येक पैसा मिळविलेलाच असतो असे नाही. रामघाटावर आपण जे पाणी पाहतो, ते सारे क्षिप्रेचे नसते. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उचलून या नदीत आणले जाते. तद्वत् निधीने चाळीस पैसे मिळविले व साठ वाटले, तर वीस पैसे आपल्याच भांडवलातून आपल्या हाती येतात. म्हणूनच रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या योजनांतील 'लाभांश' हे नाव बदलावयास लावले. नव्या नावात भांडवल काढून दिले जाण्याचाही उल्लेख असतो. अमेरिकेतील कित्येक मुदतबंद निधी उत्पन्न वाढविण्यासाठी कर्जही काढतात. तेथे नफ्याप्रमाणे तोटाही वाढतो.

पैसा बांधून त्याचे उत्पन्न खाण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. उज्जैनप्रमाणे जेथे सिंहस्थ भरतो त्या नाशिकला, पांडवलेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविली : २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते; त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. रक्कम दोन ठिकाणी विभागण्यात आणि मुद्दलाला हात न लावण्यात केवढा विवेक आहे!

अर्वाचीन काळी १८६८ साली लंडनमध्ये फॉरिन अँड कलोनियल ट्रस्ट निघाला; बेताच्या मिळकतीच्या माणसालाही आपली पुंजी अनेक रोख्यांत विभागता यावी, हा त्याचा हेतू. भारतात युनिट ट्रस्टने १९८६ मध्ये 'मास्टरशेअर' ही मुदतबंद योजना काढली. १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅन्लेच्या पंधरा वर्षांच्या योजनेसाठी लोकांनी रांगा लावल्या. पुढे तिच्या युनिटाचा बाजारभाव मूळच्या दहा रुपयांखाली आला. रांग लांब असली म्हणजे माल स्वस्त असतो, असे नव्हे.

तेव्हा तीन प्रश्न विचारल्यावाचून पैसे बांधू नयेत. मुदतीच्या आत या पैशाची गरज पडेल काय? भाव मालमत्तेच्या वर आहे की खाली? आणि वाटले जाते ते मिळविलेले आहे की आपलेच?

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २०१६ नंतर तो २०२८ मध्ये, हे सर्वांना आधी ठाऊक असते, आणि यात्रेकरू त्या बेताने तयारी करतो. आजार मात्र तिथी पाहून येत नाही. "पत्नी बरी झाली," ते गृहस्थ उठता उठता म्हणाले, "तेव्हा दोन रुपयांचे दुःख नाही. पण औषधपाण्याचा पैसा वेगळा ठेवावयास हवा होता, एवढे मुलांना सांगा." त्यांचा निरोप आम्ही येथे पोहोचविला आहे, घरी वडीलधाऱ्यांनाही तो अवश्य वाचून दाखवावा.